सूचना : हिपॅटायटिस सीचा रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आल्यास

सर्व सभासदांस,

हिपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा, लिव्हरला सूज आणणारा विषाणू. भारतात रक्तपेढ्यांना त्याची तपासणी २००१ साली सक्तीची झाली. त्याआधी रक्त चढवलेल्या सभासदांनी, तसेच डायलिसिसवर असलेल्यांनी तपासणी करून घ्यावी. डोळे पिवळे व्हायची वाट पाहू नये. हा विषाणू बहुतेकांना वर्षानुवर्षे काहीच जाणवू देत नाही.

पहिली तपासणी अँटीबॉडीची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांची. ती पॉझिटिव्ह म्हणजे विषाणूशी कधीतरी गाठ पडली, इतकेच. आजार आत्ता आहे का, हे आरएनए तपासणीच (रक्तात विषाणू आहे का हे पाहणारी) सांगते. बरे झाल्यावरही अँटीबॉडी पॉझिटिव्हच राहते. म्हणून ‘गेला का?’ हे पाहायला तीच तपासणी पुन्हा करू नका. पैसे जातात आणि घरचे उगाच धास्तावतात.

उपचाराआधी हिपॅटायटिस बीची तपासणी हवीच, कारण सीच्या गोळ्यांनी दबलेला बी उसळू शकतो. लिव्हर कडक झालेले नसेल तर साधारणपणे सोफोसबुवीर ४०० आणि डॅक्लाटासवीर ६० मिग्रॅ, रोज एकदा, १२ आठवडे. म्हणजे ८४ दिवस. २८ गोळ्यांच्या बाटल्या असतील तर प्रत्येक औषधाच्या तीन. बाटलीवर सुरुवातीची तारीख पेनाने लिहा. दुसरी बाटली अर्धी होताच तिसरी आणा, खंड पडू देऊ नका. चुकलेल्या गोळीपायी दोन एकदम घेऊ नका. डॅक्लाटासवीरऐवजी वेलपाटासवीर दिले असेल तर ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांना दाखवूनच घ्या, तिने औषध नीट शोषले जात नाही. हृदयासाठी अमिओडॅरोन चालू असेल तर आधी सांगा.

गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए. ही तपासणी बरेच जण टाळतात. कृपया टाळू नका.

राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातील सरकारी उपचार केंद्रांत तपासणी व औषधे मोफत आहेत.