मुंग्या आधी पायांनाच का?

महोदय,

कर्करोगाच्या उपचारांवरील लेखांत केस गळणे, उलट्या यांचा उल्लेख हमखास असतो. तळपायांच्या मुंग्या आणि बधिरपणाला मात्र जेमतेम एक ओळ मिळते. कारण तर सांगण्यासारखे आहे. कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा चेतापेशीचा तंतू सुमारे एक मीटर लांब. त्याला लागणारी बहुतेक प्रथिने पेशीच्या मुख्य भागात बनतात आणि कायनेसिन नावाचे प्रथिन हमालासारखे ती ओझी सूक्ष्मनलिकांवरून, म्हणजे पेशीतल्या बारीक नळ्यांच्या रुळांवरून, टोकाकडे नेते. त्याचे एक पाऊल ८ नॅनोमीटरचे, दर पावलाला एटीपी या पेशीतल्या इंधनाचा एक रेणू खर्च. म्हणजे अंगठा गाठायला साडेबारा कोटी पावले! (एकटा रेणू सगळा पल्ला चालत नाही, ही गोष्ट वेगळी.) परतीची वाहतूक डायनिन या दुसऱ्या प्रथिनाकडे, रेबीजचा विषाणू मेंदूकडे सरकतो तोही याच वाटेने.

सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन हे केमोचे औषध कर्कपेशींचे विभाजन रोखते ते या सूक्ष्मनलिकांनाच धक्का लावून. मग चेतातंतूंतली वाहतूकही विस्कळीत होते आणि सर्वांत लांबचे टोक आधी कुरकुरते.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा इवल्याशा कृमींच्या चेतापेशींत हीच वाहतूक अभ्यासते. त्याची दखल आपल्या पुरवणीत यावी. आणि रुग्णालयांनी पहिल्या केमोआधीच मराठी माहितीपत्रक हाती द्यावे: हाताची बोटेही बधिर होऊन शर्टाची बटणे लावता येईनाशी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा.

– एक वाचक, सातारा