बाबा, रक्त पुन्हा द्या

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा बाबांचा गाल सुजला आणि काल फोनवर ते म्हणाले, "रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय. गालगुंड नाही, विषय संपला." मी नुसतं "बरं" म्हटलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. जे बोलताना धड सुचत नाही ते लिहून पाठवते. आई, तू बाबांना मोठ्यानं वाचून दाखव.

बाबा, हेच वाक्य मी तुमच्याकडे यायच्या आदल्या रात्री स्वतःशी म्हटलं होतं. त्या दिवशी सकाळी माझा गाल सुजला, दुपारी रक्त दिलं, संध्याकाळी आयजीएम (ताज्या संसर्गानंतर रक्तात आधी तयार होणारं, विषाणूशी लढणारं प्रतिपिंड) निगेटिव्ह आलं. जिथे दाखवलं तिथे सांगितलं की गालगुंड नाही, दाढेचं असेल. लहानपणी लशीचे दोन्ही डोस झालेले, म्हणून माझाही विश्वास बसला. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आले, एक रात्र राहिले. जेवताना मी अर्धं प्यायलेलं पाण्याचं भांडं तुम्ही सहज उचललंत आणि रिकामं केलंत. ते डोळ्यांसमोरून हलत नाही.

परत आल्यावर दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कानाच्या पाळीखालची लाळग्रंथी बाहेरून अर्धा मिनिट चोळली आणि मग वरच्या मागच्या दाढांजवळ गालाच्या आतून स्वॅबची काडी फिरवली. त्या ग्रंथीची नळी तिथेच तोंडात उघडते. त्या स्वॅबची पीसीआर, म्हणजे थेट विषाणूच शोधणारी तपासणी, पॉझिटिव्ह आली. दहाव्या दिवशी रक्त पुन्हा दिलं, तर आयजीएम तेव्हाही निगेटिव्हच! लस घेतलेल्यांत असं बरेचदा होतं. शरीराला विषाणू आधीच ओळखीचा असतो, त्यामुळे आयजीएम उशिरा येतं, थोडंच येतं किंवा येतच नाही.

तुमचं वेगळं आहे. तुम्ही लस घेतलेली नाही, म्हणून तुमच्या बाबतीत रक्ताच्या तपासणीला जास्त अर्थ आहे, पण वेळेवर केली तर. सूज आल्यानंतर पाच दिवसांपर्यंत आयजीएम काहींच्या रक्तात दिसतच नाही. तुम्ही रक्त दिलंत पहिल्याच दिवशी. तो रिपोर्ट खोटा नाही, फक्त फार लवकरचा आहे. सूज आल्यापासून पाच ते दहा दिवसांच्या आत पुन्हा रक्त द्यायचं असतं, ते द्या.

आई, तू विचारलंस की खाली आयजीजी पॉझिटिव्ह लिहिलंय, मग झालंय की नाही? आयजीजी म्हणजे मागाहून तयार होऊन टिकून राहणारं प्रतिपिंड, एकट्या त्यावरून आत्ताचं काही कळत नाही. लहानपणी कधी गालगुंड होऊन गेलं असेल तरी ते वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहतं. दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना घेऊन, दोन्ही एकाच वेळी तपासून प्रमाण चौपट किंवा जास्त वाढलेलं दिसलं, तर संसर्ग ताजा. म्हणून पहिल्या रक्ताचा उरलेला नमुना ठेवलाय का, हे लॅबला आजच विचार.

आणि स्वॅब मात्र उद्यावर नको. सूज आल्यापासून पहिल्या तीन दिवसांत तो सगळ्यात चांगला लागतो, आणि आज तिसरा दिवस आहे. डॉक्टरांना माझी पीसीआर पॉझिटिव्ह होती हे आधी सांगा. संसर्गापासून सूज यायला बहुतेक वेळा सोळा ते अठरा दिवस लागतात. मी येऊन गेले त्याच्या सतराव्या दिवशी बाबांचा गाल सुजला. मी हे किती वेळा मोजलं असेल, मलाच माहीत.

तरी दुसरंही काही असू शकतं. इतर विषाणूंनीही ही ग्रंथी सुजते. वय झाल्यावर पाणी कमी पडलं, तोंड कोरडं राहिलं, तर जंतुसंसर्गही होतो. गाल लालबुंद झाला, दाबल्यावर तोंडात पू आला, ताप चढला, तर थांबू नका. रक्तात अमायलेज (लाळग्रंथीत आणि स्वादुपिंडात बनणारं पाचक द्रव्य) वाढलेलं दिसलं तर घाबरू नका, लाळग्रंथी सुजली तरी ते वाढतं. पण पोटात जोरात दुखलं, तर मात्र डॉक्टरांना सांगायचं.

बाबा, मुलीनं लिहावं असं नाही, तरी लिहिते. मोठ्या पुरुषांत या आजारात अंडकोष सुजू शकतात. दुखलं तर संकोच करू नका. डोकं फार दुखलं, मान आखडली किंवा एका कानानं कमी ऐकू आलं, तरी लगेच सांगा. विषाणू मारणारं औषध यावर नाही. विश्रांती, भरपूर पाणी, मऊ जेवण. आंबट नको, लाळ सुटली की ग्रंथी ठणकते.

आई, तुला लहानपणी झालं होतं म्हणतेस, तेवढाच मला धीर. तरीही सूज आल्यापासून पाच दिवस बाबांचं भांडं, टॉवेल वेगळा ठेव आणि शेजारच्या मुलांना घरात येऊ देऊ नकोस.

स्वॅब दिला की लगेच फोन करा. दुसऱ्या रक्ताच्या दिवशी मी स्वतः येते. माझे पाच दिवस कधीच उलटून गेलेत.

तुमची लेक