गौरवग्रंथ नको, तेंडुलकरांची नीट सूची द्या

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२
यांस,

स.न.वि.वि.

मी एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की संध्याकाळी वाचनालयाला कुलूप लावून आमच्या हौशी संस्थेच्या तालमीला जाते आणि विंगेत वही घेऊन बसते. प्रॉम्प्टिंग करते, म्हणजे नट वाक्य विसरला की हळूच सुचवते. स्टेजवर एकदाही उभी राहिलेली नाही, पण नाटककार विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मधल्या नायिकेचं, बेणारेचं, शेवटचं स्वगत माझं आजही तोंडपाठ आहे, कारण आजवर तीन वेगवेगळ्या मुली त्यात अडकल्या आणि तिघींनाही मी बाहेर काढलं.

मागच्या महिन्यात कॉलेजच्या दोन मुली वाचनालयात आल्या. त्यांना हेच नाटक करायचंय. प्रश्न साधे होते. पहिला प्रयोग कधी झाला, कोणी केला, पुस्तक आधी की प्रयोग आधी, आणि परवानगी कोणाची घ्यायची? मी कपाटातून तीन पुस्तकं काढली. एकात पुस्तक छापल्याचं साल होतं, दुसऱ्यात प्रयोगाचं. तिसऱ्यातही साल होतं, पण ते कशाचं ते लिहिलेलंच नव्हतं. पहिला प्रयोग १९६७ सालचा, 'रंगायन' या नाट्यसंस्थेचा, दिग्दर्शक अरविंद देशपांडे आणि बेणारे सुलभा देशपांडे, एवढं मी तोंडानेच सांगितलं. परवानगीसाठी एका कार्यालयात फोन केला. त्यांनी दुसरा नंबर दिला. तो एका झेरॉक्सच्या दुकानाचा निघाला. दुकानदार बिचारा सभ्य होता, "नाटकाचं काही नाही हो आमच्याकडे" म्हणाला.

हे पत्र त्या फोनमुळे लिहिते आहे.

विजय तेंडुलकरांचा जन्म ६ जानेवारी १९२८ चा. म्हणजे ६ जानेवारी २०२८ ला त्यांची जन्मशताब्दी. आपल्या खात्यात त्या निमित्ताने फायली हलू लागतील, समिती नेमली जाईल. दीपप्रज्वलन होईल, एखादा महोत्सव होईल, आणि शेवटी गुळगुळीत कागदाचा एक जाडजूड गौरवग्रंथ निघेल. त्यात तीस मान्यवर 'मला भेटलेले तेंडुलकर' सांगतील. आमच्या वाचनालयात अशा ग्रंथांचं एक अख्खं कपाट आहे. ते मोठ्या अदबीने उभं असतं, पण त्यातलं पुस्तक कोणी मागितल्याचं मला आठवत नाही. माझी विनंती एवढीच की या वेळी गौरवग्रंथाचे पैसे एका रुक्ष, कंटाळवाण्या, पण बिनचूक संदर्भग्रंथावर घाला. तेंडुलकरांचं आयुष्य, त्यांचं सगळं लेखन, आणि त्या लेखनाचं पुढे काय काय झालं, हे तारीखवार आणि पुराव्यासकट त्यात असू द्या.

आपण म्हणाल, इतक्या प्रसिद्ध माणसाबद्दल नवं शोधायचं काय राहिलंय? जन्मगावापासूनच सुरुवात करा. काही ठिकाणी कोल्हापूर छापलेलं आहे, काही ठिकाणी मुंबईतलं गिरगाव. पद्मभूषण मिळालेला लेखक, जाऊन अजून वीस वर्षंही झालेली नाहीत (१९ मे २००८, पुणे), आणि तो जन्मला कुठे यावर आपली पुस्तकं एकमेकांशी भांडतायत.

नाटकांच्या सालांचा घोळ तर नुसत्या तपशिलाचा नाही, त्यामुळे अर्थच बदलतो. 'गिधाडे' हे हिंसेने भरलेलं नाटक रंगमंचावर आलं १९७० साली, डॉ. श्रीराम लागूंच्या दिग्दर्शनात. 'शांतता!' त्याच्या तीन वर्षं आधीचं. प्रयोगांच्या क्रमाने यादी लावली की वाटतं, तेंडुलकरांनी आधी संयमाने 'शांतता!' लिहिलं आणि मग त्यांचा हात सुटला. प्रत्यक्षात 'गिधाडे' लिहून झालं होतं १९६१ च्या सुमारास. जवळजवळ दहा वर्षं ते नाटक कागदावरच होतं. म्हणजे हिंसा आधी लिहिली गेली, ती बघायची प्रेक्षकांची तयारी नंतर झाली. एका ओळीतली दोन सालं नीट लिहिली की लेखकाचा चेहरा वेगळा दिसतो तो असा. 'गृहस्थ'चंही तसंच. ते १९५५ च्या आसपास आलं आणि पडलं. तीच वस्तू पुन्हा हातात घेऊन त्यांनी 'कावळ्यांची शाळा' लिहिलं. यादीत ही दोन नाटकं शेजारी-शेजारी, सुटी-सुटी दिसतात. पडलेलं नाटक लेखकाने कसं दुरुस्त केलं हे ज्या नवख्या लेखकाला शिकायचंय, त्याला या यादीचा काडीचा उपयोग नाही.

आता जरा अवघड गोष्ट. या ग्रंथासाठी लागणारा काही ऐवज कुठल्या प्रकाशकाकडे किंवा प्राध्यापकाकडे मिळणार नाही. तो असलाच तर सरकारकडे असेल.

'गिधाडे'त माणिकच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो. नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाने त्या लाल डागाला हरकत घेतली. मग डाग निळा केला गेला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगण्यात येई की हा निळा डाग कृपया लाल समजावा. नाटकवाल्यांत हा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तो सांगताना सगळे हसतात. मी मात्र दरवेळी विंगेतून विचार करते, की ज्या संहितेवर त्या हरकती लिहिल्या गेल्या तिचं काय झालं? कोणत्या पानावर कोणतं वाक्य खोडलं होतं? समासात काय शेरा होता, सही कोणाची होती? नाटक करायचं तर संहिता मंडळाकडे पाठवावी लागते, हा नियम आमच्यासारख्या हौशी संस्थांनाही आहे. म्हणजे तेंडुलकरांचं प्रत्येक नाटक कधी ना कधी सरकारच्या टेबलावरून गेलेलं आहे. तिथे उमटलेल्या पेन्सिलीच्या रेघा हाही मराठी रंगभूमीचा इतिहासच आहे, आणि तो लिहिला आपल्याच माणसांनी.

'सखाराम बाइंडर'चंही तेच. १९७२ साली नाटक आलं, निळू फुले सखाराम आणि लालन सारंग चंपा. थोडेच प्रयोग होऊन बंदी आली. दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. सारंगांनी 'बाइंडरचे दिवस' लिहून त्यांची बाजू जपून ठेवली, हे आपलं नशीब. सरकारची बाजू कोणी लिहिली? तीही वाचायला मिळाली पाहिजे. मंडळातल्या सदस्यांना खरोखर काय टोचलं होतं, ते आपसात काय बोलले, हे कळलं तर त्यांच्याबद्दलही न्यायाने बोलता येईल. आज त्यांची फक्त टिंगल होते.

म्हणून माझी पहिली मागणी पैशांची नाहीच. मंडळाच्या आणि जुने सरकारी कागद जपणाऱ्या पुराभिलेख विभागाच्या दप्तरांत तेंडुलकरांच्या नाटकांची जी कागदपत्रं असतील ती शोधायला एक माणूस नेमा आणि जे सापडेल त्याची यादी जाहीर करा. काही सापडलं नाही, तर "सापडलं नाही" असंही जाहीर करा. संदर्भग्रंथात तीही एक नोंद असते.

घाई का करायची, तेही सांगते. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात झाला. संस्था प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद. थोड्याच प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवलं. त्यात काम करणारी मुलं संस्थेतून बाहेर पडली, १९७३ साली त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. १९८० साली ते युरोपात गेलं, तेही विरोध चुकवत. आता या नाटकातली ती माणसांची भिंत बघा. ओळीने उभे असलेले नट कधी पडदा होतात, कधी गर्दी, कधी आडोसा. छापील पुस्तकात त्याबद्दल रंगसूचना आहेत, पण भिंत कधी वळते, कोणत्या ठेक्यावर उघडते, हे पुस्तकात मावत नाही. ते त्या नटांच्या पायांत आहे, आणि ते पाय आता सत्तरी-पंचाहत्तरीचे झालेत. निळू फुले २००९ मध्ये गेले, सुलभाताई २०१६ मध्ये, लालन सारंग २०१८ मध्ये, डॉ. लागू २०१९ मध्ये. बेणारेचं ते लांबलचक स्वगत तेंडुलकरांना लिहायचंच नव्हतं, अरविंद देशपांड्यांनी त्यांना खोलीत बसवून लिहून घेतलं, असं आम्ही तालमीत एकमेकांना सांगतो. खरं किती आणि मीठमसाला किती? विचारणार कोणाला?

बाकीच्या भागाबद्दल थोडक्यात. वृत्तपत्रांतलं लेखन, स्तंभ, बालनाट्यं, एकांकिका हे सगळं विखुरलेलं आहे, ते एका ठिकाणी नोंदवायला हवं. 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा', 'निशांत', 'मंथन', 'आक्रोश', 'अर्धसत्य' या चित्रपटांच्या पटकथा नाटकांच्या शेपटाला न जोडता स्वतंत्र प्रकरणात याव्यात. त्यांनी मराठीत आणलेली दुसऱ्यांची नाटकं तर लोक विसरूनच जातात. गिरीश कार्नाडांचं कन्नड 'तुघलक' आणि मोहन राकेशांचं हिंदी 'आधे अधुरे' मराठीत आलं ते याच माणसाच्या हातून. आमच्या एका सदस्याने हे ऐकून "म्हणजे तेंडुलकर भाषांतरही करायचे?" असं विचारलं, आणि तो तेंडुलकरांच्या नाटकात दोनदा काम केलेला आहे.

एका प्रकरणावर मात्र समितीत वाद होईल, तो होऊ द्या. लोकांना काय आवडलं नाही, हे प्रकरण. 'कन्यादान'साठी तेंडुलकरांना १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला, तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं की याच नाटकासाठी माझ्यावर चप्पल फेकली गेली होती. दलित वाचकांना आणि कार्यकर्त्यांना अरुण आठवले या दलित तरुणाच्या पात्राचा राग का आला, त्यांनी काय लिहिलं, कुठे लिहिलं, हे सगळं संदर्भासकट ग्रंथात हवं. 'घाशीराम'वर इतिहासाच्या आणि ब्राह्मणांच्या बदनामीचे आरोप झाले, तेही हवेत. माझं स्वतःचं मत विचाराल तर 'कन्यादान'बद्दलच्या आक्षेपांत तथ्य आहे आणि 'घाशीराम'बद्दलच्या आक्षेपांत फारसं नाही. पण सूचीकाराने स्वतःचं मत घरी ठेवून यावं.

हे सरकारचं काम आहे का, असं खात्यातलं कोणी तरी विचारीलच. महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय सरकारने काढलं, डॉ. आंबेडकरांचे इंग्रजी खंड वसंत मून यांच्या संपादनाखाली सरकारने काढले, मराठी विश्वकोश तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली सरकारनेच उभा केला. आमच्या वाचनालयात सर्वांत झिजलेली पुस्तकं यांतलीच आहेत. आणि सरकार या कामात नव्हतं तेव्हा शंकर गणेश दाते नावाचा एक माणूस १८०० पासूनच्या मराठी पुस्तकांची सूची करत बसला होता. आमच्या धंद्यात अजून सगळे तिला 'दाते सूची' म्हणतात. एका माणसाला जे जमलं ते एका खात्याला एका लेखकापुरतं जमू नये? नॉर्वेने आपल्या इब्सेन या नाटककारासाठी काय केलं तेही मागवून बघा. ओस्लो विद्यापीठाने त्याचं समग्र लेखन टिपांसह संपादित केलं, शिवाय जगभरातल्या प्रयोगांची नोंद सगळ्यांना बघता येईल अशी खुली ठेवली. तेंडुलकरांची नाटकं हिंदी, बंगाली, कन्नड, इंग्रजीत झाली. त्यांचे प्रयोग कोण मोजतंय?

समितीत नामवंत असू द्या, पण त्यांच्यासोबत दोन ग्रंथपाल, एक पुराभिलेखवाला आणि विंगेत बसलेला एखादा माणूस घ्या. छापील प्रत स्वस्त ठेवा आणि इंटरनेटवर फुकट द्या. चुका निघतीलच, तेव्हा वर्षातून एकदा दुरुस्ती करण्याची सोय ठेवा.

आमच्या संस्थेकडे 'शांतता!'ची एक जुनी प्रॉम्प्टिंगची वही आहे. दोनशे पानी, पाठीला खळ लावून चिकटवलेली. स्वगताच्या पानावर तीन वेगवेगळ्या शाईंत तीन मुलींच्या अडण्याच्या जागा खुणावलेल्या आहेत, आणि गंमत म्हणजे तिघीही एकाच वाक्यावर अडल्या होत्या. ग्रंथाच्या कामाला उपयोग असेल तर वही घेऊन मी स्वखर्चाने मुंबईला येईन. मूळ वही मात्र ठेवून देणार नाही, तुमच्याकडे स्कॅन करून घ्या.

कळावे,
आपली,
तालुक्याच्या गावची एक ग्रंथपाल

ता. क. : परवानगीसाठी कोणाला लिहायचं ते खात्यातल्या कोणाला माहीत असेल, तर ग्रंथाची वाट न बघता आधी तेवढं कळवावं. मुलींनी तालीम सुरू केली आहे आणि प्रवेशिकेची मुदत पंधरा दिवसांवर आलीय.