परीक्षा बायकांची, शिकवण पुरुषांना

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला कोकणातल्या बेने इस्रायली ज्यू समाजावरचा लेख वाचला. नवगावचा किनारा, फुटलेलं गलबत, वाचलेली सात जोडपी, तेलाचे घाणे, शनिवारी काम बंद म्हणून पडलेलं ‘शनिवार तेली’ हे नाव, सगळं त्यात होतं आणि मनापासून आवडलं. पण त्यात घाणा हाकणारे होते, सुंता करणारे होते, निवाडा देणारे काझी होते. बाई कुठेच नव्हती. मी याच समाजातली, आजोळ अलिबागजवळचं, म्हणून लिहिते आहे.

बाहेरून आलेल्या दाविद रहाबी या ज्यू माणसाची गोष्ट आमच्या घराघरांत सांगतात. हे तेली खरोखर ज्यू आहेत का, ते बघायला त्यांनी बायकांपुढे सरमिसळ मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे निवडून घेतले, बाकीचे बाजूला सारले. हे आम्ही खात नाही, म्हणाल्या. रहाबींची खात्री पटली. मग धर्म शिकवायला त्यांनी तीन जण निवडले, तिघेही पुरुष. हिब्रू प्रार्थना, सणांचे नियम, निवाड्याचा मान त्यांच्याकडे गेला. परीक्षेला बसल्या बायका, शिकायला बसले पुरुष. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला काही खटकलं नाही. आता खटकतं.

माझी आजी ओट्यावर बसून मासळी घ्यायची. अंगठ्याचं नख माशाच्या अंगावरून उलटं फिरवायची. खवला लागला तर टोपलीत, नाही तर परत. कोळीण नवी असली तर आजी सांगायची, “याला खवलं नाय, नको गो.” जुनी असली तर तिनंच वेगळं काढून ठेवलेलं असायचं. मटण आधी पाण्यात, मग मिठात, मग पुन्हा तीन पाण्यांतून. रक्ताचा थेंब राहता कामा नये. कालवणाला दूध-दही नाही, नारळाचा रस. यातलं एक अक्षरही आजीला वाचता येत नव्हतं, आणि एकदाही ती चुकली नाही. पोथी नव्हती, रब्बी नव्हता, शेमा, म्हणजे ‘देव एकच’ या कबुलीपलीकडे प्रार्थना आठवत नव्हती, त्या शेकडो वर्षांत धर्म राहिला तो असाच, चुलीपाशी. शनिवारी घाणा थांबायचा हे खरं; पण शुक्रवारी दिवस मावळायच्या आत दुसऱ्या दिवसाचंही रांधून ठेवणारी कोण होती?

पुढे इस्रायलमध्ये गेलेल्यांच्या वाट्याला काय आलं? १९६२ मध्ये तिथल्या रब्बींनी आमच्यातली लग्नं लावताना आईकडच्या पिढ्या तपासायला सांगितलं. लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं, तेव्हा कुठे १९६४ मध्ये सरकारनं आम्हाला पूर्ण ज्यू म्हणून मान्य केलं. म्हणजे पुरावा मागायची वेळ आली की आई आणि आजी. सामूहिक प्रार्थनेला निदान दहा माणसं लागतात, ती मोजायची वेळ आली की मात्र दहा पुरुष.

मागच्या वर्षी वडिलांच्या नावानं कदीश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणायला आम्ही मूळ गावच्या मशिदीत गेलो. सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो. पुरुष आठ होते, बायका चौदा. पनवेलला फोन झाले, तासभर वाट पाहिली, कुणी येऊ शकलं नाही. कदीश झालंच नाही. माझ्या आईला ते तोंडपाठ आहे. ती हातात रुमाल घेऊन गप्प बसली होती.

हे नियम जगभरचे आणि जुने आहेत, मला ठाऊक आहे. पण मुंबईत १९२५ मध्ये ज्युईश रिलिजस युनियन ही सुधारणावादी ज्यूंची संस्था निघाली, तिच्या उभारणीत डॉ. जेरुशा झिराड पुढे होत्या. म्हणजे हा प्रश्न आपल्याच एका बाईनं शंभर वर्षांपूर्वी हाती घेतला होता. आज कोकणातल्या गावांत बोटांवर मोजण्याइतकी घरं उरली असताना समाजातल्या जाणत्यांनी तो पुन्हा बोलायला घ्यावा. आणि आपल्या वार्ताहरांनी पुढच्या वेळी मशिदीच्या कमानीचा फोटो काढून परतू नये. मलिद्याचं, म्हणजे आमच्या नवसाच्या प्रसादाचं, ताट लावणाऱ्या, त्यासाठी पोह्यात ओलं खोबरं कालवणाऱ्या म्हाताऱ्या बायकांजवळ बसून ऐकावं. त्यांना जे येतं ते कुठेही लिहिलेलं नाही.

पावसाळा संपला की आम्ही चौदा जणी पुन्हा गावी जाणार आहोत. आम्हाला मोजावं, एवढंच मागणं आहे.

— एक वाचक, ठाणे