दार उखडल्यावरच कायद्याला दिसतं

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

आमच्या गावच्या गढीचं दार मागच्या उन्हाळ्यात विकलं गेलं. सागवानी, दोन पुरुष उंच. चौकटीतून निघेना, तेव्हा उंबरा करवतीने कापला आणि टेम्पोत आडवं घालून नेलं. कुठल्याशा रिसॉर्टच्या भिंतीवर टांगणार होते म्हणे. मालकांना मी दोष देत नाही. गढीला आठ वारस, दर पावसाळ्यात एखादी भिंत बसते, आणि दाराचे पैसे रोख मिळतात.

दार नेलं म्हणजे काय गेलं, ते सांगतो. त्याला बिजागरी नव्हती; प्रत्येक फळीचे, म्हणजे झडपेचे, वरचे-खालचे खुंट दगडातल्या खळग्यांत फिरायचे. मागे भिंतीच्या पोटातून सरकत येणारा अडसर. एरवी मोठं दार बंदच, उघडी असायची ती फळीतली दिंडी, म्हणजे छोटं दार. पाहुणा असो की सावकार, एका वेळी एकानेच यायचं आणि तेही वाकून. आत दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या बसायच्या देवड्या. डावीकडच्या ओट्यावर वाघबकरीच्या खेळाचा पट कोरलाय. रात्रभर जागायचं तर दुसरं करणार काय? पुढे आडवी भिंत, त्यामुळे दार सताड उघडं असलं तरी रस्त्यावरून चौक दिसायचा नाही.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यात हेच मोठ्या मापात आहे. वर नगारखाना, एकेका फळीवर 72 अणकुचीदार खिळे, आत शिरताच वळण. 1828 च्या आगीत आतले महाल गेले. दरवाजा उभा राहिला, म्हणून वाडा केवढा असेल याचा अंदाज तरी बांधता येतो.

आता कायद्याची गंमत पाहा. 1972 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे इमारतीपासून सुटी केलेली, शंभर वर्षं जुनी वस्तू ‘पुरावस्तू’ ठरते. तिचा धंदा करायला परवाना लागतो, ती परदेशी नेता येत नाही. म्हणजे वाडा संरक्षित नसेल, तर दार चौकटीत आहे तोवर त्याला कोणी वाली नाही. उखडलं की लगेच पुरावस्तू!

2025 साली आपले किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, पेढे आम्हीही वाटले. पण अख्खी गढी ताब्यात घ्या, असं मी म्हणत नाही. सरकारला ते झेपायचं नाही. दरवाजा आणि त्याच्या देवड्या, एवढ्याच भागाची नोंद गावोगाव करा. 1960 च्या राज्य कायद्यात स्मारकाच्या मालकाशी जतनाचा करार करायची सोय आहे, ती देवडीपुरती लावा. दुरुस्तीला थोडे पैसे द्या, आणि ते चुन्याच्या कामालाच द्या. सिमेंट चोपडलेल्या देवड्या आम्ही पुष्कळ पाहिल्या.

आमच्या गढीत मोजमाप घ्यायला पुरातत्त्व संचालनालयाचा माणूस केव्हाही पाठवा. किल्ली कोणाकडे मागावी लागणार नाही.

आपला,
फलटण तालुक्यातला एक गावकरी