आधी वेळास, मग कोस्टा रिका

संपादक महोदय,

‘परदेशात स्वयंसेवक व्हा, जग पाहा’ अशा जाहिराती हल्ली दापोली-मंडणगडच्या मुलामुलींच्या मोबाइलवरही येऊन धडकतात. त्यांत समुद्री कासवांच्या कामाच्याही असतात. मुलांनी जरूर जावे. घर सोडणे कोकणाला नवे नाही. पण कोस्टा रिकातल्या तोर्तुगेरोला किंवा केनियाच्या किनाऱ्यावर जे शिकायला लोक पैसे मोजतात, ते कासवांची अंडी आणि पिल्ले वाचवण्याचे काम मंडणगड तालुक्यातल्या आपल्या वेळास गावी 2002 पासून चालू आहे. एक हंगाम इथे काढावा आणि मगच तिकडे अर्ज करावा, असे आम्हाला कळकळीने वाटते.

हे काम फोटोत दिसते तेवढे सोपे नाही. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, साधारण दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करते आणि शंभराच्या आसपास अंडी घालते. कोल्ह्या-कुत्र्यांनी गाठण्याआधी ती अंडी हॅचरीत, म्हणजे अंडी सुरक्षित उबवण्याच्या जागेत, न्यायची असतात, तीही पहिल्या काही तासांतच. उशीर झाला की गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो, आणि मग अंडे नुसते उलटे झाले तरी मरतो. म्हणून वरची बाजू वरच ठेवून, खाली घरट्यातलीच ओलसर वाळू घालून अंडी उचलायची. नवा खड्डा मूळ घरट्याइतकाच खोल हवा. तो उथळ झाला की वाळू लवकर तापते. तापमान 29 अंशांच्या बरेच वर राहिले तर बहुतेक माद्याच निपजतात, त्याहून तापले तर पिल्ले आतच दगावतात. डासांचे मलम लागलेला हात अंड्यांना लावायचा नाही. पांढरी बॅटरी मारली तर मादी अंडी न घालताच माघारी फिरते. तिकडेही गडद कपडे, लाल उजेड आणि भुसभुशीत वाळूतली रात्रीची पायपीट हाच दिनक्रम असतो. ही सवय अंगी असलेल्या मुलाला तिथले लोक पहिल्याच रात्री ओळखतात.

आपला हंगाम मेपर्यंत आटोपतो, तोर्तुगेरोला हिरव्या कासवांचा जुलैत सुरू होतो. मधले दिवस कागदपत्रांना पुरत नाहीत, तेव्हा पासपोर्ट आधीच काढून ठेवावा. 36 पानी साध्या पासपोर्टला 1500 रुपये लागतात, तत्काळला 2000 जास्त. प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. व्हिसासाठी पावसात मुंबई गाठायची असेल तर आदल्या दिवशीच पोहोचावे. कोकण रेल्वे तेव्हा पावसाळी वेळापत्रकावर सावकाश धावते. केनियाला जाणाऱ्याने पीतज्वराची लस अधिकृत केंद्रातच, निघण्याच्या निदान 10 दिवस आधी घ्यावी. या लशीचा दाखला, म्हणजे पिवळे कार्ड, नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

सगळ्यात जास्त फसगत व्हिसात होते. ‘पगार नाही, म्हणजे पर्यटक व्हिसा चालतो’ असे दलाल सांगतात. जेवण-राहण्याच्या मोबदल्यात केलेले कामही अनेक देश कामच धरतात. ब्रिटनमध्ये पर्यटक व्हिसावर फक्त नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी, तेही एकूण 30 दिवसच काम करता येते. काम काय, रात्री किती तास, राहायचे कुठे, विमा कोणाचा, हे संस्थेकडून लेखी घ्यावे. जेवण-राहण्याचा खर्च मागणे गैर नाही, मात्र त्याचा हिशेब मागावा. बॉनहून चालणारा संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम अर्जाला एक पैसाही घेत नाही. मूळ पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात देऊ नये. आणि पैसे भरून अनाथाश्रमात मुले सांभाळायला बोलावणाऱ्यांच्या वाटेला तर जाऊच नये. नेपाळ, कंबोडियात आई-वडील हयात असलेली मुलेही अशा पाहुण्यांसाठी आश्रमांत ठेवली गेली आहेत.

वनविभागाला एक विनंती आहे. हंगामभर राबणाऱ्या तरुण कासवमित्राला किती रात्री गस्त घातली, किती घरटी हलवली आणि त्यांतून किती पिल्ले समुद्रात गेली, याचा आकड्यांसह इंग्रजीत सही-शिक्क्याचा दाखला द्यावा. परदेशी संस्थेकडे अर्ज करताना त्याला तो जोडता येईल.

– कासव संवर्धनातील काही कार्यकर्ते, दापोली-मंडणगड