‘पित्त’ म्हणजे नेमके काय?

महोदय,
आंबट ढेकर आली की आपण ‘पित्त झालं’ म्हणतो. खरे तर ते जठरातले आम्ल असते. पित्त तयार होते यकृतात आणि साठते पित्ताशयात. या शब्दाच्या घोळापायी माझ्या बहिणीने वर्षभर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेतल्या. तेलकट जेवले की रात्री उजव्या बरगडीखाली कळ यायची, पार पाठीत, खांद्यापर्यंत. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून तेल आणि लिंबूरस पिऊन ‘खडे पाडण्याचा’ प्रयोग झाला. हिरवट गोळ्या पडल्याही! पण तो पोटात तयार झालेला तेलाचा साबण. खडे जागच्या जागीच.

अखेर दुर्बिणीतून पित्ताशय काढले. चार छोटी छिद्रे, दुसऱ्या दिवशी घरी. (जर्मनीत एरिक म्यूह यांनी १९८५ मध्ये अशी शस्त्रक्रिया प्रथम केली, तेव्हा सहकाऱ्यांनी नाकेच मुरडली होती.) ‘नुसते खडे काढा, पिशवी ठेवा’ असे तिनेही सुचवून पाहिले, पण पिशवी राहिली की खडे पुन्हा होऊ शकतात. पिशवी नसली तरी पित्त यकृतातून थेट आतड्यात उतरतेच.

खडे आहेत पण त्रास नाही, अशांना बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. मात्र कळीसोबत ताप किंवा कावीळ दिसली, तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये.

– एक वाचक